कँटीनचा कोटा गावात पोहोचतो, मग समुपदेशक का नाही?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि घराघरातून सैन्यात जाण्याची रीत तिथे आजही टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीचेही तसेच. अशा गावांत वाढलेल्या माणसाला दोन दृश्ये सारखीच ओळखीची असतात. काळी ट्रंक घेऊन सुट्टीवर आलेला जवान एसटीतून उतरतो आणि पोरे ट्रंकेला हात लावायला धावतात, हे पहिले. त्याच संध्याकाळी त्याच्या ओसरीवर मंडळी जमतात, कारण मिलिटरीची बाटली आली आहे, हे दुसरे. पहिल्याचा गावाला अभिमान वाटतो आणि दुसऱ्याचे कौतुक. काही घरांत त्यानंतर जे घडते त्याविषयी मात्र चारचौघांत बोलायचे नसते.

सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. सैन्यात जाणारा प्रत्येकजण पितो, किंवा पिणारा प्रत्येकजण व्यसनी होतो, असे माझे म्हणणे मुळीच नाही. वारकरी घरातून भरती झालेले, सुभेदार होऊन परतलेले आणि गळ्यातली माळ शेवटपर्यंत राखलेले जवान याच जिल्ह्यांत आहेत. हा लेख आहे तो ज्यांची सवय हाताबाहेर गेली त्यांच्याविषयी आणि त्यांच्या घरच्यांविषयी. अशा जवानाने किंवा त्याच्या पत्नीने, काही आक्रीत घडण्याआधी, आपणहून मदत मागितली तर ती मागणी त्याच्या नोकरीच्या कागदपत्रांपासून अलग ठेवली गेली पाहिजे, आणि ती मदत छावणीच्या फाटकाशी न थांबता गावापर्यंत गेली पाहिजे, एवढेच मला मांडायचे आहे. मागणी साधी दिसते, पण तिच्या आड येणाऱ्या गोष्टी बऱ्याच जुन्या आहेत.

सैनिक आणि दारू यांचे नाते आपल्या राज्यव्यवस्थेने पहिल्यापासून वेगळे मानले आहे. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. त्याआधीच, १९४९ साली, मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला होता आणि त्याच कायद्यात लष्कराच्या व नौदलाच्या मेस आणि कँटीनना सूट देण्याची सोय होती. सामान्य माणसाला बंदी आणि फौजेला मुभा हा भेद समानतेच्या हक्कात बसतो काय, हा प्रश्न बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५१ च्या निकालात न्यायालयाने ही सूट वैध ठरवली. सैन्यदलांच्या स्वतःच्या परंपरा आणि स्वतःची जीवनपद्धती असते, दीर्घ अनुभवातून घडलेले नियम तिला बांधून ठेवतात आणि संकटांना व हालअपेष्टांना तोंड देणारे मनोधैर्य टिकवणे हा त्या नियमांचा हेतू असतो, असा त्यामागचा विचार होता. कायद्याच्या अंगाने हा विचार पटण्यासारखा आहे. परंतु त्यातून एक जबाबदारीही निघते, आणि तिची चर्चा झालेली मला कुठे दिसत नाही. सेवेचे वेगळेपण मान्य करून एखाद्या वर्गाला दारू सुलभ करून द्यायची असेल, तर त्या सुलभतेत ज्यांचा तोल जाईल त्यांना सावरण्याची सोयही तितक्याच आपुलकीने आणि तितक्याच सरकारी खर्चाने व्हायला हवी.

ती तशी झाली नाही. १९४८ साली उभ्या राहिलेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या कँटीन स्टोअर्स विभागामार्फत जवानाला आणि माजी सैनिकाला करसवलतीच्या दरात दारू मिळते, आणि हुद्दा वाढला की महिन्याचा कोटाही वाढतो. दुसऱ्या बाजूला १९५० च्या लष्करी कायद्याचे ४८वे कलम आहे. त्यानुसार कामावर असो वा नसो, नशेत सापडणे हाच गुन्हा असून अधिकारी नसलेल्या जवानाला त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कामावर नसताना ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. तिसरी गोष्ट अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या नियमांत सापडते. दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण या बाबी त्या माणसाच्या स्वतःच्या ताब्यातल्या समजल्या जातात. एकाच सरकारची ही तीन बोलणी शेजारी ठेवून पाहावीत. बाटली स्वस्तात देणारे तेच, ती चढली तर शिक्षा करणारे तेच आणि तिने शरीर पोखरले तर 'तुझे तूच केलेस' असे सांगणारेही तेच. यातल्या प्रत्येक नियमाला आपापले समर्थन आहे हे मला मान्य आहे, पण व्यसन हा आजार आहे या समजुतीला त्यांपैकी एकातही जागा नाही. नागरी आयुष्यात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. गणवेशातल्या माणसाच्या बाबतीत मात्र आजार आणि अपराध यांची सरमिसळ अजून संपलेली नाही.

जाता जाता एका समजुतीचा उल्लेख करतो, कारण ती गावोगावी ऐकू येते. थंडीत अंग गरम राहावे म्हणून फौजेत रम लागतेच, असे ठामपणे सांगितले जाते. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते खरी, पण नेमक्या त्याच कारणाने शरीरातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. ब्रिटिश नौदलाची रोजची रम ३१ जुलै १९७० रोजी कायमची बंद झाली. गुंतागुंतीची यंत्रे हाताळणाऱ्या खलाशाला दुपारी रम पाजणे बरे नव्हे, एवढे साधे कारण होते. त्या दिवशी काही जहाजांवर रमची लटकी अंत्ययात्रा निघाली, दंडाला काळ्या फिती बांधल्या गेल्या. नौदल मात्र बुडाले नाही.

आता जवानाच्या वर्षाचा हिशेब पाहू. साधारणपणे ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा धरली तर तो नऊ महिने पलटणीत आणि तीन महिने घरी असतो. पलटणीत तो शिस्तीत असतो. सकाळची पीटी चुकत नाही, कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि पिण्यालाही बडाखान्याची, म्हणजे पलटणीच्या सामूहिक मेजवानीची, किंवा सुट्टीच्या दिवसाची चौकट असते. घरी ती चौकट नसते. रोज कोणीतरी भेटायला येते, रोज काहीतरी निमित्त निघते, आणि तीन महिन्यांत बायकोला जे दिसते ते पलटणीच्या डॉक्टरला कधीच दिसत नाही. पलटणीत हात थरथरल्याचे, पहाटेच घोट लागल्याचे किंवा रजेवर निघताना आगगाडीत दोन दिवस दारू न मिळाल्याने घाम फुटल्याचे जे प्रसंग घडतात, ते बायकोला ठाऊक नसतात. आजाराचे अर्धे चित्र छावणीत राहते आणि अर्धे गावात, आणि दोन्ही अर्धी एकत्र ठेवून पाहणारे कोणीही नसते. ही अडचण औषधोपचाराच्या दृष्टीनेही गंभीर आहे. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि त्यानंतर भ्रम व वाताची जी अवस्था येऊ शकते ती जिवावर बेतणारी असते. म्हणजे 'घरी आल्यावर कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' हा प्रेमापोटी दिलेला सल्लाही धोक्याचा आहे, आणि तो देणाऱ्या आईला तसे सांगणारे तिथे कोणी नसते.

त्या घरातल्या बाईने मग कुठे जावे? सैनिकांच्या पत्नींसाठी १९६६ पासून एक कल्याणकारी संघटना आहे, पलटणीत महिलांच्या बैठका होतात, शिवणकामापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत तिथे पुष्कळ चांगले काम चालते. परंतु त्या बैठकांची उतरंड नवऱ्यांच्या हुद्द्यांची आहे. शिपायाच्या बायकोने कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीला 'हे रोज पितात, मारतात' असे सांगणे म्हणजे नवऱ्याच्या वरिष्ठाच्या घरात सांगणे होय. ऐकणाऱ्या बाईंचे मन कितीही मोठे असले तरी सांगणारीच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची बढती असते, क्वार्टर असते, मुलांची शाळा असते. त्यात पुन्हा बहुसंख्य जवानांची कुटुंबे पलटणीसोबत नसतातच. ती गावी सासऱ्याच्या घरात असतात, आणि सासऱ्याचे म्हणणे असते, 'वर्षाने आलाय पोरगा, चार दिवस पिऊ दे की.' अशा बाईला मराठीत बोलणारा, पलटणीशी नाते नसलेला आणि ऐकलेले बाहेर न नेणारा माणूस हवा असतो.

जवानाची स्वतःची कोंडीही कमी नाही. सैन्यात माणसाच्या प्रकृतीची वर्गवारी असते आणि तंदुरुस्त माणूस 'शेप-वन' म्हणवला जातो. दारूवरील अवलंबित्वाचे निदान झाले की मानसिक आरोग्याच्या सदरात त्याची वर्गवारी खाली येते, त्यासाठी त्याच्या कमांडिंग ऑफिसरचा त्याच्या वागणुकीविषयीचा अहवाल लागतो, हत्यार हाताळण्यावर निर्बंध येतात, ठराविक काळाने पुन्हा तपासणी होते आणि या काळात बढतीची वाट अडते. दुसरीकडे शिस्तभंगाच्या लाल शाईच्या नोंदींची भीती असते. चार लाल नोंदी म्हणजे आपोआप घरी पाठवणी नव्हे, माणसाच्या सेवेचा काळ आणि खडतर नेमणुकाही विचारात घ्यायला हव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली सांगावे लागले, यावरूनच त्या नोंदींचा धाक किती आहे हे कळते. अशा परिस्थितीत शहाणा माणूस काय करील? तो लपवील. त्याचे मित्रही त्याला सांभाळून घेतील, त्याच्या जागी पहारा देतील आणि ते दोस्तीचे कर्तव्य मानतील. मग एके रात्री भांडण होईल किंवा मोटारसायकल घसरेल, आणि तेव्हा कुठे तो डॉक्टरपुढे उभा राहील, तोही रुग्ण म्हणून थोडा आणि आरोपी म्हणून अधिक.

या बाबतीत अमेरिकेच्या भूदलाचा अनुभव उपयोगी आहे. अमेरिकेचे सगळेच इथे आणावे असे नाही, पण याच खड्ड्यात पडून बाहेर येण्याची त्यांची धडपड कागदोपत्री नोंदलेली आहे. १९८१ साली निमित्झ या विमानवाहू जहाजाच्या धावपट्टीवर विमान कोसळून १४ जण मेले, मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले आणि लघवीच्या सक्तीच्या तपासण्यांचे युग सुरू झाले. त्यानंतर अमली पदार्थांचे प्रमाण खूप घटले. दारूचे घटले नाही. तिथल्या वैद्यक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ साली सादर केलेल्या अहवालात एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्या सैनिकांचे प्रमाण १९९८ मधील ३५ टक्क्यांवरून २००८ मध्ये ४७ टक्क्यांवर गेल्याचे नमूद आहे. दारू कायदेशीर असते, काही तासांत शरीरातून निघून जाते आणि अधिकारीही पितात, त्यामुळे तपासणीचा धाक तिला लागू पडत नाही. समितीने बोट ठेवले ते दुसऱ्याच जागेवर. उपचाराला गेलेल्या सैनिकाची माहिती कमांडरला कळवण्याची सक्ती असल्यामुळे लोक वेळेवर येतच नाहीत, तेव्हा गोपनीय उपचाराची वाट खुली करा, असे तिने सुचवले. अखेर मार्च २०१९ मध्ये तिथल्या भूदलाने धोरण बदलले. कोणताही गुन्हा वा प्रसंग घडण्याआधी जो सैनिक आपणहून दारूच्या त्रासासाठी उपचार मागेल त्याला सक्तीच्या कार्यक्रमात दाखल करायचे नाही, आणि केवळ त्या कारणाने कमांडरला कळवायचेही नाही. सात वर्षे लागली, पण बदल झाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बंदुका, दारूगोळा, रणगाडे हाताळणाऱ्या माणसाच्या व्यसनाची माहिती त्याच्या अधिकाऱ्यापासून लपवणे हा बाकीच्यांच्या जिवाशी खेळ नव्हे काय? माझ्या मते या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे, ते म्हणजे आज अधिकाऱ्याला ही माहिती मिळते. ती मिळत नाही. आज व्यसनी जवान बंदूक घेऊन पहाऱ्यावर असतोच. फरक इतकाच की त्याच्याविषयी डॉक्टरलाही ठाऊक नसते. गोपनीय उपचारात निदान एका जाणकार माणसाला तरी ठाऊक असेल, आणि जिवाला उघड धोका दिसत असेल, दारू तोडण्यासाठी रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली असेल किंवा आण्विक, वैमानिकी वा तत्सम विशेष जोखमीचे काम असेल, तर गोपनीयतेला अपवाद करता येतो. अमेरिकन धोरणातही असे अपवाद आहेत. अपवादांची यादी छोटी असावी, आधीच लिहून जाहीर केलेली असावी आणि जवानाला पहिल्याच भेटीत वाचून दाखवलेली असावी. 'सगळे गुप्त राहील' असे खोटे आश्वासन देण्यापेक्षा 'या तीन गोष्टी सांगाव्या लागतील, बाकी काही सांगणार नाही' असे म्हणणारा समुपदेशक जवानाला अधिक भरवशाचा वाटेल. शब्दाची किंमत ज्या व्यवसायात एवढी मानली जाते, तिथे हे कळायला अवघड नाही. आपली घटना ३३व्या अनुच्छेदात सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा संसदेला देते हे खरे, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे.

अमेरिकेचाच आणखी एक अनुभव मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या गावांशी थेट बोलतो. १९७१ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा प्रचंड प्रसार झाल्याचे उघडकीस आले. हे हजारो व्यसनी तरुण मायदेशी परतले की काय होईल, या चिंतेने सरकार हादरले. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. तिथे असताना जवळजवळ पाचवा हिस्सा सैनिक व्यसनाधीन झाले होते; परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात सापडले. मुलूख बदलला, सोबत बदलली, हेरॉइन सहज मिळेनासे झाले, आणि बहुतेकांची सवय तिकडेच राहिली. व्यसनात माणसाच्या स्वभावाइतकाच भोवतालचा वाटा असतो हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

आपल्या निवृत्त जवानाच्या बाबतीत या अनुभवाचा अगदी उलट प्रयोग चालू आहे. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून तो पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतो. पहाटेची पीटी जाते, हुद्दा जातो, मित्र देशभर पांगतात. सवयीला आवर घालणारे जे जे होते ते सगळे छावणीत राहते, आणि जी एकच गोष्ट त्याच्यामागोमाग गावात येते ती म्हणजे कँटीनचे कार्ड. महिन्याच्या महिन्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कँटीनला जायचे, साबण, तेल, चहापत्तीसोबत कोटा उचलायचा. न पिणारे माजी सैनिक तो पाहुण्यारावळ्यांना देतात, काहीजण विकतात, आणि तो गुन्हा असला तरी गावात त्याला कोणी गुन्हा मानत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी 'आडवी बाटली'च्या मतदानाने गावोगावची दुकाने बंद पाडली, हा आपल्या सामाजिक इतिहासातला अभिमानाचा भाग आहे. पण गावातले दुकान आडवे झाले तरी कार्डावर येणारी बाटली उभीच राहते, कारण ती गावच्या हद्दीतून विकली जात नाही.

कँटीनची दारू एका फटक्यात बंद करावी असे मी म्हणणार नाही. वर्धा जिल्हा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहेत. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे या तीन जिल्ह्यांत भरपूर आहे, पण तो वाद इथे ओढला तर व्यसनी जवान बाजूला पडेल आणि फौजेच्या मानापमानाचीच चर्चा होईल. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट तातडीने करता येईल. कँटीनमधील प्रत्येक खरेदी आता स्मार्ट कार्डावर नोंदली जाते. ज्या माजी सैनिकाला स्वतःच्या मनाचा भरवसा वाटत नाही, त्याला आपला दारूचा कोटा सहा महिने किंवा वर्षभर बंद ठेवण्याचा अर्ज करता यावा, त्याचे कारण विचारले जाऊ नये, आणि मुदतीआधी मन बदलले तरी तो लगेच उघडू नये. बदल्यात किराणा मालाच्या मर्यादेत थोडी सवलत वाढवून दिली तर उत्तमच. त्या घरातल्या बाईला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. हा अर्ज बायकोने नवऱ्याच्या वतीने करावा, अशीही सूचना कोणी करील. मला ती पटत नाही. रात्री कोटा बंद झाल्याचे कळल्यावर त्या बाईच्या वाट्याला काय येईल, याचा विचार त्या सूचनेत नाही.

समुपदेशक आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न आणि तोच खरा खर्चाचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एकच असतो. जिथे सामान्य नागरिकांनाच मनोविकारतज्ज्ञ मिळत नाहीत, तिथे खास माजी सैनिकांसाठी ते खटाव-माणला येतील ही आशा करण्यात अर्थ नाही. याचे व्यवहार्य उत्तर गोव्याने शोधून ठेवले आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. एका रुग्णाशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक घातक पिण्याच्या पट्ट्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पूर्ण अवलंबित्व आलेल्यांना या चाचणीत घेतलेले नव्हते, त्यांना रुग्णालयच लागते, हे विसरता कामा नये. तरीही जो अजून काठावर आहे त्याला मागे खेचायला चार मनमोकळी, नीट शिकून केलेली संभाषणे पुरू शकतात, एवढे त्यातून दिसले.

मग अशी माणसे आपल्याकडे कोण आहेत? निवृत्त हवालदार आणि सुभेदार आहेत. त्यांना पलटणीची भाषा येते, जवान कुठे लपवतो हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांच्यातले काहीजण स्वतः बाटली सोडून उठलेले असतात. आपण बाहेर कसे पडलो हे सांगणाऱ्या माणसाचे ऐकले जाते, हे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेला १९३५ पासून माहीत आहे. तिच्या संस्थापकांपैकी एकजण पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी होता आणि त्याने पहिला प्याला त्याच काळात तोंडाला लावला, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. निवृत्त जवानांच्या बायका आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून रुग्णाइतकेच त्याच्या बायकोकडे लक्ष दिले, तिच्यासाठी 'सहचरी' नावाचा गट चालवला, आणि नवरा प्यायला लागला यात तिचा दोष नाही हे तिला पहिल्यांदा तिथे ऐकू आले. सैनिकांच्या पत्नींसाठी असा गट सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर येथे चालवायचा तर जागा तयार आहे. राज्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, त्यांच्या अखत्यारीत सैनिकी विश्रामगृहे आणि मुलामुलींची वसतिगृहे आहेत. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिके आहेत, तिथे रक्तदाब मोजण्याच्या रांगेतच दारूविषयीचे दहा प्रश्नही विचारता येतील. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही प्रश्नावली भरायला पाच मिनिटे लागतात. विचारणारा माणूस मात्र तुच्छतेने विचारणारा नसावा. 'दारू पिता काय?' हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पोलीस विचारतो तसा विचारला जातो.

हे सगळे आजवर लांबणीवर टाकता आले, कारण निवृत्त जवानाला पेन्शन होती, आरोग्य योजना होती, घर कसेबसे चालत होते. आता एक नवा वर्ग घरी येतो आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील आणि उरलेले बाविशी-पंचविशीत गावी परततील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिक आरोग्य योजना नाही, कँटीनचे कार्डही नाही. महाराष्ट्रात कडक दारूचा परवाना वयाच्या पंचविशीनंतर मिळतो, म्हणजे यातले बरेचजण फौजेचे आयुष्य जगून परत येतील तेव्हाही राज्याच्या कायद्याने त्यांचे कडक दारू पिण्याचे वय झालेले नसेल. त्यांतल्या ज्यांना तिथे सवय लागली असेल, त्यांना ती स्वस्त कोट्याविना आणि उपचाराविना सोबत न्यावी लागेल. हाताशी असेल ती सेवानिधीची एकरकमी रक्कम आणि रिकामा दिवस. कायम न झाल्याचा सल मनात असेल तो वेगळाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारच्या अखत्यारीत येते. तिथल्या समुपदेशनाला माजी सैनिकाच्या ओळखपत्राची अट लागणार नाही, अग्निवीर म्हणून काम केल्याचा दाखला चालेल आणि त्याची आई किंवा बायको एकटी आली तरी तिचे ऐकून घेतले जाईल, असा शासन निर्णय काढायला मुंबईला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.